पासवर्ड बरोबर आहे, तरी सर्व्हर आत का घेत नाही?

महिन्याची १९ तारीख. रात्रीचे सव्वादहा वाजलेत. इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीतल्या अकाउंटंट मॅडम घरी लॅपटॉप उघडून बसल्यात. उद्या २० तारीख, म्हणजे जीएसटीआर ३बी भरायचा शेवटचा दिवस. टॅली आहे ऑफिसच्या सर्व्हरवर. घरून रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरायचं आणि काम उरकायचं, हा गेल्या दोन वर्षांचा शिरस्ता.

पण आज सर्व्हर काही आत घेईना.

पासवर्ड टाकला. चुकला असेल म्हणून परत टाकला. कॅप्स लॉक बघितलं. शेवटी आयटीचं काम बघणाऱ्या पोराला फोन लावला.

"अहो दादा, पासवर्ड बरोबर आहे ओ. शनिवारपर्यंत चालत होतं की. आता कायतरी राईट नाही म्हणून सांगतंय."

"मॅडम, दोन मिनिटं थांबा. तुम्हाला ॲडमिन करून टाकतो, मग सगळं चालतंय."

हा प्रसंग आम्ही रंगवलेला आहे. पण ज्याने कुणी छोट्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम केलंय त्याला तो ओळखीचा वाटणार. आणि यातली खरी भानगड लॉगिन न होण्यात नाही, पोराच्या त्या शेवटच्या वाक्यात आहे. ती कशी, ते कळायला आधी सर्व्हरच्या दारात नेमकं काय घडतं ते बघू.

दारात एक नाही, दोन प्रश्न विचारले जातात

तुम्ही मंत्रालयात कामासाठी गेलात. गेटवर आधार कार्ड दाखवलंत. त्यावरून एवढंच सिद्ध झालं की तुम्ही म्हणजे तुम्हीच आहात. पण तेवढ्याने कुणी आत सोडत नाही, प्रवेशाचा पास लागतो. तो नसेल तर आधार कार्ड कितीही खरं असलं तरी तुम्ही बाहेरच.

सर्व्हरचंही असंच आहे. पहिला प्रश्न, तू कोण? याचं उत्तर म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड. याला ऑथेंटिकेशन म्हणतात. दुसरा प्रश्न, तुला या दाराने आत यायची परवानगी आहे का? याला ऑथरायझेशन म्हणतात. याचं उत्तर तुमच्याकडे नसतं, ते सर्व्हरच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं.

यातलं 'या दाराने' हे महत्त्वाचं. विंडोजमध्ये सर्व्हरसमोर खुर्ची टाकून बसून लॉगिन करणं, नेटवर्कवरून त्याचं शेअर केलेलं फोल्डर उघडणं आणि रिमोट डेस्कटॉपने आत जाणं ही तीन वेगळी दारं आहेत. प्रत्येक दाराची परवानगी वेगळी. त्यामुळे सर्व्हरवरचं फोल्डर उघडतंय, पण त्याच पासवर्डने रिमोट डेस्कटॉप होत नाही, असं अगदी सहज होऊ शकतं. लोक इथेच चक्रावतात. पासवर्ड बरोबर असल्याचा पुरावा समोर असतो आणि तरी दार बंद असतं.

मग काय होतं? पासवर्ड बदलला जातो. एकदा, दोनदा. अडचण दुसऱ्या प्रश्नात असताना आपण पहिल्याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा देत बसतो.

आधी मेसेज पूर्ण वाचा

लॉगिन झालं नाही की आपण ओके दाबून मोकळे होतो. पण त्या चौकटीतल्या वाक्यावरून अर्धं निदान होतं.

सर्व्हर बंद असेल, नेटवर्कवर दिसत नसेल किंवा रिमोट ॲक्सेस चालू नसेल, अशी तीन कारणं देणारा मेसेज आला तर तुम्ही दारापर्यंत पोचलेलाच नाही. इंटरनेट, व्हीपीएन, फायरवॉल, यातलं काहीतरी. परवानगीचा विचार करायची वेळ अजून आलेली नाही.

तुमचे क्रेडेन्शियल्स चालले नाहीत, असं म्हणत असेल तर पहिला प्रश्न अडलाय. इथे पासवर्ड बघायचा, पण त्याआधी युजरनेम बघायचं. बऱ्याचदा लॅपटॉप तुमच्या नावापुढे स्वतःचंच नाव जोडून पाठवतो. सर्व्हरला वाटतं, हा कुठला माणूस? युजरनेमच्या आधी ऑफिसच्या डोमेनचं किंवा सर्व्हरचं नाव आणि उलटी तिरकी रेघ दिली की काम होऊन जातं.

आणि तिसरा प्रकार मॅडमना आलेला. मेसेज लांबलचक असतो. त्याचा सारांश असा, की रिमोटने साइन इन करायला रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसमधून येण्याचा राईट लागतो, तो रिमोट डेस्कटॉप युजर्स या ग्रुपला आपोआप असतो, तुम्ही ज्या ग्रुपमध्ये आहात त्याला तो नसेल किंवा या ग्रुपकडून काढून घेतला असेल, तर तो तुम्हाला वेगळा द्यावा लागेल. याचाच एक छोटा भाऊ आहे, तो म्हणतो की हे अकाउंट रिमोट लॉगिनसाठी अधिकृत नाही.

हा मेसेज दिसला तर एक गोष्ट पक्की. तुमचा पासवर्ड बरोबर आहे. तो आता बदलू नका.

सर्व्हर लपवतो, पण वहीत लिहून ठेवतो

सगळेच मेसेज इतके प्रामाणिक नसतात. काही मुद्दाम मोघम ठेवलेले असतात. युजरनेम चुकलं की पासवर्ड चुकला, हे सर्व्हर सांगत नाही, कारण समोर तुम्ही आहात की चोर हे त्याला माहीत नसतं. 'नाव बरोबर आहे, फक्त पासवर्ड चुकला' असं सांगितलं तर चोराचं निम्मं काम झालं.

पण खरं कारण सर्व्हर स्वतःच्या वहीत नोंदवतो. ही वही म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. त्यात विंडोज लॉग्ज, मग सिक्युरिटी. तिथे ४६२५ नंबरची नोंद शोधायची. प्रत्येक फसलेल्या लॉगिनची ही नोंद असते. लक्षात घ्या, ही वही सर्व्हरवर असते, तुमच्या लॅपटॉपवर नाही. त्यामुळे ती ॲडमिननेच बघायची. तुम्ही त्याला नेमकी वेळ सांगायची, म्हणजे हजार नोंदींतून त्याला तुमची सापडेल.

त्या नोंदीत दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे स्टेटस किंवा सब स्टेटस. हा शून्य-एक्स-सी असा सुरू होणारा लांब कोड असतो, पण कामाची फक्त त्याची शेपटी. शेवटी ६ए असेल तर पासवर्ड चुकलाय. ६४ असेल तर त्या नावाचा युजरच नाही. ७२ म्हणजे अकाउंट बंद केलेलं आहे, १९३ म्हणजे अकाउंटची मुदत संपली, ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली. २३४ म्हणजे चुकीच्या प्रयत्नांमुळे अकाउंट लॉक झालंय. ६एफ आला तर तुम्हाला ठरवून दिलेल्या वेळेच्या बाहेर तुम्ही येताय. काही कंपन्यांत संध्याकाळी सातनंतर लॉगिन बंद ठेवतात, तो हा प्रकार. ७० म्हणजे या मशीनवरून यायला तुम्हाला मनाई आहे.

आणि १५बी. या कोडचा अर्थ असा, की माणूस ओळखला, पण ज्या प्रकाराने तो येऊ बघतोय त्या प्रकारची परवानगी त्याला दिलेली नाही. मॅडमच्या नोंदीत हाच सापडणार.

दुसरी गोष्ट म्हणजे लॉगऑन टाईप. हा साधा आकडा असतो. १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप, ३ म्हणजे नेटवर्क. यात एक गंमत आहे. आजकालच्या विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपचा पडदा उघडण्याआधीच नेटवर्कवरून तुमची ओळख तपासली जाते. याला नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, थोडक्यात एनएलए म्हणतात. म्हणजे आधी ३ नंबरचं दार, मग १० नंबरचं. १५बी सोबत टाईप १० दिसला तर रिमोट डेस्कटॉपचा राईट नाही. १५बी सोबत टाईप ३ दिसला तर गडबड त्याच्याही आधी आहे, नेटवर्कवरून या सर्व्हरपर्यंत यायचाच राईट काढलेला आहे. हा फरक न बघता लोक तासन् तास भलत्याच पॉलिसीत उकरत बसतात.

ही वही भरली की जुनी पानं पुसली जातात, म्हणून तिची साईज वाढवून ठेवावी. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. छोट्या पेढ्यांत हे कितपत पाळलं जातं, ते तुम्हीच बघा.

ग्रुपमध्ये टाकलं तरी का चालत नाही?

सरळ उपाय असा, की त्या युजरला सर्व्हरवरच्या रिमोट डेस्कटॉप युजर्स ग्रुपमध्ये टाकायचं. दहापैकी बरेच वेळा एवढ्यावर काम होतं. कारण या ग्रुपकडे दोन्ही किल्ल्या असतात. एक त्या राईटची आणि दुसरी रिमोट डेस्कटॉपच्या कनेक्शनवर लावलेल्या परमिशनची. नुसता राईट दिला आणि ग्रुपमध्ये टाकलं नाही तर एकच कुलूप उघडतं.

पण कधी कधी ग्रुपमध्ये टाकूनही दार उघडत नाही. मग लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडून युजर राईट्स असाइनमेंट बघायचं. तिथे 'अलाऊ लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस' अशी एक ओळ आहे. त्यात रिमोट डेस्कटॉप युजर्स ग्रुपचं नाव आहे का? त्याच यादीत आणखी एक ओळ आहे, तिची सुरुवात 'डिनाय' ने होते. या दोन्हींत तुमचं नाव असेल तर जिंकतो कोण? डिनाय. नेहमी. तुम्ही दहा ग्रुपांमधून परवानगी मिळवलेली असली आणि अकराव्या ग्रुपला डिनाय असला, तरी तुम्ही बाहेर. सुरक्षा कडक करायची म्हणून कुणीतरी या डिनायच्या ओळीत सगळी लोकल अकाउंट्स टाकतं, आणि दुसऱ्या दिवशी लोकल अकाउंटने येणारे सगळे बाहेर पडतात.

त्या ओळीत बदल करायला गेलात आणि ॲड करायचं बटणच करडं झालेलं दिसलं तर समजायचं, की हुकूम इथून सुटत नाहीये. तो वरून, डोमेनच्या ग्रुप पॉलिसीतून येतोय. इथे बदलून उपयोग नाही, तिथे जाऊन बदलायला लागेल.

ग्रुप पॉलिसीचा एक स्वभाव मात्र माहीत असायलाच हवा. बऱ्याच जणांना वाटतं की दोन पॉलिसींत एकाच राईटच्या दोन याद्या असतील तर त्या एकत्र होतात. होत नाहीत. ज्या पॉलिसीचं शेवटी चालतं तिची यादी राहते, दुसरी पूर्ण पुसली जाते. म्हणजे एका पॉलिसीत लिहिलंय की अकाउंट्स विभागाला रिमोट परवानगी. सहा महिन्यांनी कुणी दुसऱ्या पॉलिसीत लिहिलं, आयटी विभागाला रिमोट परवानगी. अकाउंट्सवाल्यांना कुणी काढलेलं नाही, त्यांच्याविरुद्ध कुणी काही लिहिलेलं नाही, तरी ते सोमवारी सकाळी बाहेर. अशा वेळी कमांड प्रॉम्प्टमधून जीपीरिझल्ट चालवून रिपोर्ट काढायचा. कुठल्या पॉलिसीने कुठली सेटिंग जिंकली हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. अंदाज बांधण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम बरं.

अजून एक तक्रार तुम्ही ऐकली असेल. 'संध्याकाळी ॲड केलं होतं, लॉगिन पण झालं, दुसऱ्या दिवशी परत बंद.' भूत वगैरे काही नाही. डोमेनवर रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स नावाची पॉलिसी लावलेली असते. या ग्रुपमध्ये कोण असावं याची यादी तिच्याकडे पक्की असते. तुम्ही हाताने घातलेलं नाव त्या यादीत नसलं की ती ते काढून टाकते. साध्या मशीनवर ग्रुप पॉलिसी साधारण ९० मिनिटांनी, त्यात अर्ध्या तासापर्यंत भर धरून, स्वतःला ताजं करते. पण काही बदललेलं नसेल तर ती पुढे जाते. सुरक्षेच्या सेटिंग्ज मात्र बदल नसला तरी दर १६ तासांनी परत लावल्या जातात. संध्याकाळचं नाव दुसऱ्या दिवशी का गायब होतं, त्याचा हिशोब हा.

मग इचलकरंजीत काय झालं?

शनिवारी पेढीत नवीन सर्व्हर बसला होता. पोराने जुन्या सर्व्हरवरचा डेटा आणला, टॅली टाकलं, सगळ्यांना रिमोट डेस्कटॉप युजर्स ग्रुपमध्ये घातलं. त्याच्या बाजूने काम पूर्ण. पण सोबत त्याने एक जास्तीचं काम केलं. वेगवेगळ्या मशीनचे पासवर्ड सांभाळायचा वैताग नको म्हणून त्याच सर्व्हरला डोमेन कंट्रोलर केलं.

डोमेन कंट्रोलर म्हणजे ज्याच्याकडे ऑफिसातल्या सगळ्यांची खाती आणि सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश असतात, ती तिजोरी. मायक्रोसॉफ्टने या तिजोरीला वेगळा नियम लावलेला आहे. साध्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपचा राईट ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि रिमोट डेस्कटॉप युजर्स या दोन्ही ग्रुपना असतो. डोमेन कंट्रोलरवर तो फक्त ॲडमिनिस्ट्रेटर्सना. ग्रुपमध्ये कितीही जणांना टाका, राईट त्या ग्रुपलाच नाही.

एकच सर्व्हर घेऊन त्यावर टॅली, डोमेन, फाईल्स, प्रिंटर, सगळं चालवणाऱ्या ऑफिसांत हे हमखास घडतं. आणि तिथून पुढचा मोह म्हणजे 'ॲडमिन करून टाकतो'. चालतं का? चालतं. लगेच चालतं. म्हणून तर तो धोकादायक आहे.

साध्या सर्व्हरवर ॲडमिन केलं तर त्या एका मशीनची किल्ली दिली. डोमेन कंट्रोलरवर ॲडमिन केलं म्हणजे सगळ्या ऑफिसची. उद्या मॅडमच्या घरच्या लॅपटॉपवर मुलाने कुठलंतरी फुकटचं गेम टाकलं, त्यातून पासवर्ड गेला, तर चोराला टॅलीपुरता युजर मिळत नाही, सगळ्यांचे पासवर्ड बदलू शकणारा आणि बॅकअप पुसू शकणारा माणूस मिळतो. रॅन्समवेअरवाल्यांना नेमकं हेच हवं असतं. यात मॅडमची चूक शून्य. त्यांना फक्त टॅली हवं होतं.

एका पासवर्डने काय होतं याचं उदाहरण अमेरिकेत आहे. मे २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइन ही इंधन वाहून नेणारी कंपनी रॅन्समवेअरमुळे काही दिवस बंद पडली. पूर्व किनाऱ्यावरच्या राज्यांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चोर आत आले ते व्हीपीएनच्या एका जुन्या अकाउंटने. ते अकाउंट वापरात असायलाच नको होतं, पण बंद केलेलं नव्हतं आणि त्याला पासवर्डशिवाय दुसरी कुठली पडताळणी नव्हती. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर मोजले. त्यातला काही भाग अमेरिकी सरकारने नंतर परत मिळवला. तिथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं यायला हवं होतं, ते 'हो' आलं.

रात्री साडेदहाला हे सगळं फोनवर कोण ऐकून घेणार, हेही खरंच. त्या वेळी काम चालवण्यापुरता मार्ग असा. डोमेन कंट्रोलर्सच्या पॉलिसीत तो राईट टॅली वापरणाऱ्यांच्या एका वेगळ्या ग्रुपला द्यायचा, ते सगळे रिमोट डेस्कटॉप युजर्समध्ये आहेतच. पण एक सावधगिरी. ही यादी पहिल्यांदाच भरताना तिच्यात ॲडमिनिस्ट्रेटर्सचं नाव आठवणीने लिहायचं. यादी लिहिली की जुनी सवलत संपते, फक्त लिहिलेलीच नावं उरतात. ते विसरलं तर मॅडम आत आणि पोरगा बाहेर, अशी वरात निघते. मग जीपीअपडेट चालवायचं आणि परत लॉगिन करून बघायचं.

हा एका रात्रीपुरता उपाय झाला. साध्या युजरनी तिजोरीच्या खोलीत बसून हिशोब लिहिणं बरोबर नाहीच. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड लायसन्समध्ये त्याच मशीनवर दोन व्हर्च्युअल सर्व्हर चालवता येतात. एकात डोमेन कंट्रोलर, दुसऱ्यात टॅली. नवीन मशीन घ्यावं लागत नाही.

आणखी काही ठिकाणी पाय अडकतो

नव्या माणसाचं अकाउंट उघडताना 'पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदला' ही टिक आपण सवयीने ठेवतो. ऑफिसात बसून लॉगिन केलं तर ती छान चालते. पण पहिलाच दिवस वर्क फ्रॉम होम असेल आणि एनएलए चालू असेल, तर पासवर्ड बदलायचा पडदा यायच्या आधीच तो माणूस दारात अडवला जातो. पासवर्ड बदलल्याशिवाय आत येता येत नाही आणि आत आल्याशिवाय बदलता येत नाही. मुदत संपलेल्या पासवर्डचंही तेच. यावर एनएलए बंद करून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. ॲडमिनने नवा पासवर्ड देऊन ती टिक काढली तरी प्रश्न सुटतो.

वारंवार अकाउंट लॉक होत असेल आणि तुम्ही तर काही चुकीचं टाकलेलं नसेल, तर दुसरंच कुणी टाकतंय का ते बघा. कधी ते जुना पासवर्ड लक्षात ठेवलेलं दुसरं मशीन असतं. पण राउटरवर ३३८९ हा पोर्ट थेट इंटरनेटला उघडा ठेवला असेल, तर जगभरातले बॉट रात्रंदिवस पासवर्ड आपटून बघत असतात. अकाउंट लॉक झालं ही तिथे तक्रार नाही, पॉलिसीने तुम्हाला वाचवल्याची पावती आहे. लॉकआउट काढायचं नाही, तो पोर्ट बंद करून व्हीपीएन लावायचं.

मे २०१८ मध्ये तर कुणाचंही काही न बदलता जगभर रिमोट डेस्कटॉप अडले होते. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये क्रेडएसएसपी या ओळख पोचवणाऱ्या यंत्रणेतली एक खोट दुरुस्त केली आणि ८ मेच्या अपडेटने नियम कडक केला. लॅपटॉप अपडेट झालेला आणि सर्व्हर नाही, अशी जोडी जमली की लॉगिन बंद. मेसेजमध्ये एन्क्रिप्शन ओरॅकल रेमेडिएशन असे शब्द यायचे. तेव्हा खूप जणांनी सर्व्हर अपडेट करण्याऐवजी लॅपटॉपवरची ती पॉलिसी 'व्हल्नरेबल' वर नेऊन ठेवली. नावातच असुरक्षित लिहिलेलं असताना! काम झालं आणि विसरले. तुमच्या ऑफिसात तेव्हापासूनचं एखादं मशीन असेल तर एकदा बघायला सांगा.

आणि बरोबर १२० दिवसांनी सगळ्यांचंच लॉगिन बंद पडलं, लायसन्स सर्व्हर नाही असं म्हणू लागलं, तर त्यात पॉलिसीचा दोष नाही. रिमोट डेस्कटॉपची फुकटची मुदत संपली. लायसन्स घ्यायला लागतं. त्या रोलशिवाय विंडोज सर्व्हर एका वेळी दोनच जणांना आत घेतो, तेही कारभार बघण्यापुरतं.

लिनक्सवाल्यांसाठी थोडंसं

लिनक्सच्या सर्व्हरवर एसएसएचने जाताना गोष्ट तीच, फक्त मेसेज जास्त घुम्या. परमिशन डिनाइड, बस्स. पण लॉगमध्ये तो बोलतो. अलाऊ युजर्सच्या यादीत नाव नाही म्हणून नाकारलं, असं तिथे सरळ लिहिलेलं सापडतं. त्या सेटिंगचा स्वभावही वरच्यासारखाच आहे. अलाऊ युजर्स ही ओळ लिहिलीच नसेल तर सगळ्यांना वाट मोकळी, आणि एक नाव लिहिलं की त्या एकालाच. रूटने पासवर्ड टाकून येणं ओपनएसएसएचने २०१५ मधल्या ७.० आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवलंय, त्यामुळे 'रूटचा पासवर्ड बरोबर आहे तरी...' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

लिनक्सवर एवढी सवय लावून घ्या. एसएसएचची सेटिंग बदलताना उघडी असलेली खिडकी बंद करू नका. दुसरी खिडकी उघडून लॉगिन होतंय का बघा, झालं तरच पहिली मिटवा. आपण बसलोय तीच फांदी तोडून सर्व्हरच्या खोलीची चावी शोधत फिरलेले लोक कमी नाहीत.

तुम्ही ॲडमिन नसाल तर?

तर तुमच्या हातात पॉलिसी नाही, पण फोनवर काय सांगायचं ते आहे. 'लॉगिन होईना' या दोन शब्दांवर कुणालाच काही कळत नाही. मेसेजचा पूर्ण फोटो पाठवा, कापलेला नको. युजरनेम जसं टाकलं तसं लिहा. पासवर्ड मात्र पाठवू नका, कुणी मागितला तरी. किती वाजून किती मिनिटांनी प्रयत्न केला, घरच्या वायफायवरून की मोबाईलच्या नेटवरून, शेवटचं कधी चाललं होतं, आणि ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाचं चालतंय का, हे सांगा. फक्त तुमचंच अडलं असेल तर तुमच्या अकाउंटमध्ये बघायचं. सगळ्यांचं अडलं असेल तर सर्व्हरमध्ये किंवा पॉलिसीत. हा एक प्रश्न अर्धा तास वाचवतो.

आणि समोरच्याने 'ॲडमिन करून टाकतो' म्हटलं तर, 'दादा, मला टॅलीपुरतंच द्या' असं म्हणायला काही हरकत नाही. उद्या काही झालं तर चौकशीत पहिलं नाव ज्याच्याकडे ॲडमिन आहे त्याचं येतं.

पेढीच्या गोष्टीत पोराने ४६२५ ची नोंद उघडली, १५बी आणि टाईप १० बघितला आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की शनिवारी आपण याला डोमेन कंट्रोलर केलंय. ग्रुपला राईट दिला, यादीत ॲडमिनिस्ट्रेटर्स लिहिले, पॉलिसी ताजी केली. अकरा वाजायच्या आत टॅली उघडलं. रिटर्न चुकलं असतं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि कर भरायचा राहिला असता तर त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. ते वाचलं. व्हर्च्युअल सर्व्हरचं काम पोराने रविवारवर टाकलंय, आणि तो राईट तोपर्यंत उघडा आहे हे सर्व्हरच्या शेजारच्या भिंतीवर कागद चिकटवून लिहून ठेवलंय.